न मागता आलेलं पाणी

मंगळवारी सकाळी पाट दुथडी भरून आला आणि सारीझार गावाला सणासारखा आनंद झाला. एकटी बेगायिम मात्र शिडी लावून छपरावर चढली.

ऑगस्ट सरत आला की पाणी म्हणजे भांडण. पाटाच्या वरच्या अंगाला ताजिकांची शेतं, खालच्या अंगाला सारीझारच्या किरगिझांची. पाणी सोडायचं दार टेकडीवर, आणि ते नेमकं कोणत्या देशाच्या हद्दीत हे दोन्हीकडच्या नकाशांना आजवर ठरवता आलेलं नाही. दरवर्षी शिव्या, मग दगड, मग फावडी, आणि आठवडाभराने बोटभर धार खाली पोचायची. गेल्या वर्षी फावड्यांच्या जागी बंदुका आल्या. अकरा घरं जळाली. त्यांतल्या चार घरांना अजून छप्पर नाही.

यंदा ना शिवी, ना दगड. पाणी आपणहून आलं.

"एका फोनवर!" झोलदोश दारातूनच बेगायिमच्या सासूला ओरडून म्हणाला. "मेलिसबेक साहेबांनी एक फोन फिरवला, एने, आणि पाणी सुटलं! अजून निवडूनसुद्धा आले नाहीत, तर ही तऱ्हा!"

झोलदोश हा मेलिसबेकचा गावातला माणूस. त्याच्या पांढऱ्या गाडीवर उमेदवाराचा हसरा चेहरा दोन्ही बाजूंनी चिकटवलेला, टपावर कर्णा बांधलेला आणि त्यातून दिवसभर एकच घोष चालायचा, 'खंबीर हात, सुरक्षित सीमा'.

"झोलदोश बायके," त्याला थोरल्या भावाचा मान देत बेगायिम मांडीवरच्या लेकीला, तुमारला, थोपटत म्हणाली, "मग वरच्या कांद्याला कोण पाणी देतंय?"

"म्हणजे?"

"मी छपरावरून पाहिलं. त्यांचा कांदा माना टाकून पडलाय. सगळं पाणी आपल्याकडे आलं, कारण वर ते अडवायला कोणी नाहीच. दोरीवर कपडे नाहीत, शेतात माणूस नाही."

"भूगोलाच्या बाई," झोलदोश हसला, "हा प्रश्न तुमच्या पाचवीच्या पोरांना परीक्षेत घाला. आपल्याकडे पाणी आलंय, ते प्या."

सगळं गाव जिला एने, म्हणजे आई, म्हणायचं त्या सासूने तो गेल्यावर बेगायिमला फैलावर घेतलं. "बाळंतीण असून शिडी चढलीस? अक्कल कॉलेजात ठेवून आलीस की काय?"

"एने, वरची माणसं हलवलीत म्हणजे काहीतरी होणार. आपण आजच बातकेनला जाऊ. माझ्या बहिणीकडे. चार दिवसांसाठी."

"चाळीस दिवस भरल्याशिवाय ही पोर उंबरा ओलांडणार नाही. आज कितवा?"

"चौतिसावा."

"मग विषय संपला." एने शिवण घेऊन बसली. चाळीस घरांतून मागून आणलेल्या चिंध्यांचं अंगडं शिवत होती ती. चाळिसाव्या दिवशी चाळीस चमचे पाण्याची अंघोळ झाली की ते अंगावर चढवायचं. सुईवरची नजर न काढता ती म्हणाली, "माझ्या पहिल्याला विसाव्या दिवशी बाहेर काढलं होतं. तुझ्या सासऱ्याला घाई होती, लग्नाला जायचं होतं. तो असता तर आज पंचेचाळिशीचा असता."

बेगायिम फोन हातात घेऊन बसली. नवरा रशियात बांधकामावर. फोन केला तर म्हणणार, आई सांगते तसं कर. तिने फोन केला, आणि तो तसंच म्हणाला.

बुधवारी तिने जिल्ह्याच्या सीमा कचेरीला फोन लावला. पाण्याचं सांगितलं, कांद्याचं सांगितलं, दोरीवरच्या कपड्यांचं सांगितलं. पलीकडच्या बाईने सगळं ऐकून घेतलं.

"ताई, साहेब तुमच्याच गावच्या कार्यक्रमाच्या तयारीत आहेत. सोमवारी करा."

"आणि सोमवारच्या आत काही झालं तर?"

"आता पाणी आलं म्हणूनसुद्धा तक्रार करता होय? गेल्या वर्षी आलं नाही म्हणून करत होता."

खरं तर काही चुकीचं बोलली नव्हती ती बाई. संध्याकाळी सीमेच्या चौकीवरचे सातही शिपाई गाडीत बसून शाळेच्या मैदानावर आले. गुरुवारी दुपारी मेलिसबेक येणार, राजधानीतून गाणारी येणार. मांडव घालायचा, खुर्च्या मांडायच्या, आणि टीव्हीवर सीमेचे रक्षक हसताना दिसले पाहिजेत. टेकडीवरच्या चौकीत एक कुत्रं तेवढं उरलं. शाळेखाली गोळीबारात लपायला म्हणून बांधलेल्या तळघराला कुलूप होतं. आत मतदारांना वाटायची पिठाची पोती रचली होती आणि किल्ली झोलदोशच्या खिशात.

रात्री तिचा डोळा लागला नाही. पाटाचा आवाज गेल्या चार वर्षांत कधी एवढा मोठा झाला नव्हता.

गुरुवारी दुपारी मैदानावर गाणं सुरू झालं, आणि एने पाटावर कपडे घेऊन गेली. अर्ध्या तासात परतली ती कपडे तिथेच टाकून. हातात निळ्या फुलांचा एक वाडगा.

"हा आपला," बेगायिम म्हणाली.

"आयदिनबीबीकडे होता." पलीकडच्या काठावरची ही ताजिक म्हातारी एनेची चाळीस वर्षांची मैत्रीण. गेल्या वर्षीच्या लढाईनंतर दोघी एकमेकींच्या दारात गेल्या नव्हत्या, पण पाटातल्या मोठ्या दगडावर काहीबाही ठेवत. हिने दही ठेवावं, तिने जर्दाळू. "जाताना दगडावर ठेवून गेली. धुऊन, पालथा घालून."

"रिकामा?"

"रिकामा." एने उंबऱ्यातच बसली. "चाळीस वर्षांत तिने भांडं रिकामं परत केलं नाही. ज्या वर्षी तिच्या घरात पीठ नव्हतं, त्या वर्षी चार बोरं घालून पाठवला होता. त्या बाईला रीत ठाऊक नाही असं नाही. घर रिकामं करा हे तोंडाने सांगायची सोय नव्हती, म्हणून असं सांगितलंय तिने."

वाडगा तिने मांडीवर उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.

"पाणी कोमट कर," ती म्हणाली. "आणि चमचा आण."

"एने, आज छत्तिसावा."

"मला मोजता येतं. परातीत घे पोरीला."

त्याच वाडग्यात पाणी घेऊन एनेने तुमारच्या माथ्यावर चमचा चमचा ओतायला सुरुवात केली. बेगायिमला वाटत होतं, दहा पुरेत, वीस पुरेत. पण म्हातारी एकही गाळेना. मैदानावरची टाळ्यांची लाट येऊन ओसरली. एकतीस. बत्तीस. पोर रडून लालबुंद झाली. चाळीस झाल्यावर एनेने अंगडं चढवलं. एका बाहीचा अजून पत्ता नव्हता.

"एकतीसच तुकडे झालेत," ती म्हणाली. "उरलेले नऊ तिकडे गेल्यावर शिवीन. देवाला घाई कळत असेल तर कळेल."

जवळ गाडी एकच होती, कर्ण्याची. झोलदोश गावच्या फाटकाशी सिगरेट ओढत उभा होता, पाहुण्यांची वाट बघत.

"वेड लागलंय का तुम्हाला? अर्ध्या तासात साहेब येतील! मी कर्णा घेऊन गावाबाहेर गेलो तर माझं काय होईल?"

"तुझी नाळ या हातांनी कापलीय," एने म्हणाली. "तेव्हा तुझे साहेब कुठे होते? चालव."

नाळ कापणारीला नाही म्हणायची गावात रीत नाही. शिव्या पुटपुटत त्याने गाडी काढली. "बातकेनच्या रस्त्यापर्यंत सोडतो. पुढे मिळेल ती गाडी धरा."

रस्ता पाटाच्या कडेने जात होता, मग मैदानाला वळसा. बेगायिम खिडकीतून पाण्याकडेच बघत होती. आधी तिला वाटलं, ऊन डोळ्यांवर आलंय. मग काठावरची ओली रेघ दिसली, वीतभर वर राहिलेली. बघता बघता ती हातभर झाली. तळातले दगड उघडे पडले, चिखलात एक मासा तडफडू लागला.

"बायके, थांबवा."

झोलदोशने ब्रेक दाबला. त्यानेही पाहिलं. तीन दिवस ज्या पाण्यावर तो पुढारी झाला होता, ते पाणी त्याच्या डोळ्यांदेखत संपलं.

"दार कोणी बंद केलं?" तो हळूच म्हणाला. "वर तर कोणी नव्हतं."

"आता आहे," बेगायिम म्हणाली.

बातकेनचा रस्ता समोर मोकळा होता. डावीकडे मैदान, आणि पुढच्या रांगांत, टीव्हीला गोड दिसावीत म्हणून, शाळेची पोरं मांडून बसवलेली. तिच्या वर्गातली. शिपाई मागे उभे, हातात बंदुकांऐवजी कागदी झेंडे.

बेगायिमने एनेकडे पाहिलं. एनेने हात पुढे केले आणि तुमारला छातीशी घेतलं.

"लवकर," म्हातारी म्हणाली.

"कर्णा चालू करा, बायके."

"काय सांगणार? पाणी गेलं म्हणून? कोणी ऐकायचं नाही, हसतील. सुरक्षित सीमेच्या गाडीतून..."

"तुम्ही चालू तर करा. आणि तळघराची किल्ली काढून ठेवा."

कर्णा खरखरला. त्यात काय म्हणायचं हे तिलाही ठाऊक नव्हतं. पळा म्हटलं तर मोठी माणसं आधी कारण विचारणार आणि मग वाद घालणार. पण पोरांचं तसं नसतं. चार वर्षं रोज सकाळी ज्या आवाजात ती बोलायची, तोच आवाज तिने लावला.

"पाचवीचा वर्ग. हजेरी." मैदानावरचं गाणं तसंच चालू राहिलं. "आक्तिलेक."

तिसऱ्या रांगेत एक मुलगी सवयीने उठून उभी राहिली.

"सेझिम. बेकनाझार. नुरेल. नाव घेतलं की रांगेत उभं राहायचं आणि माझ्याकडे यायचं. पळायचं नाही, ढकलायचं नाही. दप्तरं राहू देत. एर्मेक. बुरुल."

एकेक खुर्ची मोकळी होऊ लागली. मांडवातून कोणीतरी ओरडलं, त्या बाईला गप्प करा. गाणारी मध्येच थांबली. एक आई मुलाला परत बसवायला उठली, तिचं लक्ष पाटाकडे गेलं आणि ती तशीच उभी राहिली.

टेकडीच्या बाजूने, दूरवर, कोणी लाकडी दार आपटावं तसा एक आवाज आला. मग आणखी एक, गेल्या वर्षीच्या गोळीबारातला ओळखीचा.

झोलदोश किल्ली हातात धरून तळघराकडे धावत सुटला होता. बेगायिमने आवाज वाढवला नाही, घाई केली नाही. यादीत अजून एकोणीस नावं होती.

"आयथुरगान," ती म्हणाली. "तुझ्या भावालाही घेऊन ये."