नारंगी निशाण

मी एक जुनी दुर्बीण आहे, मित्रांनो. मला डोळे दोन आहेत, पण पापणी एकही नाही. समोर येईल ते मला बघावंच लागतं. पूर्वी मला याचा फार अभिमान वाटायचा. आता वाटत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे लांब बाकांवर बसलेल्या बायका दिवसभर भिंगं घासत. हात कामात आणि तोंड गप्पांत, त्यामुळे नुसती काच होते तेव्हापासूनच मला माणसांच्या बोलण्याची सवय लागली. भिंगं नळ्यांत बसली, नळ्यांना हिरवा रंग लागला आणि गवतात गुंडाळून मला ट्रकने या शहरात आणलं. टेकडीच्या माथ्यावर, कठड्याशी एक लोखंडी खांब रोवलेला होता. त्यावर मला बसवलं.

या शहराचं नाव काढलं की लोक नाक मुरडतात. इथे मुद्दाम कुणी येत नाही. मोठ्या शहरांना जाणारी गाडी इथे बदलावी लागते. पुढच्या गाडीला उशीर असला, की कंटाळलेले प्रवासी वेळ काढायला टेकडी चढतात. "बघण्यासारखं काय आहे हो इथे?" असं विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आधीच जांभई देतात.

पण गाठ ताईशी होती. ताई म्हणजे मला सांभाळणारी बाई. सकाळी आल्या आल्या ती पदराने माझी भिंगं पुसायची आणि म्हणायची, "चला बाई, कामाला लागा." आलेल्या माणसाला ती हाताला धरून माझ्यापाशी उभं करायची. आधी तळं, तळ्यातलं बेट आणि बेटावरचे पांढरे पक्षी. मग घड्याळाचा मनोरा. त्याच्या चार बाजूंना चार वेगळ्या वेळा. "ज्याला उशीर झालाय त्याने सोयीची बाजू बघावी," असं ताई म्हणाली की माणसं हसायची. मग बंद पडलेल्या गिरणीची चिमणी. तिच्या तोंडातून झाड उगवलं होतं, धुराऐवजी पानं बाहेर आली होती. आणि झुलता पूल, ज्यावर उड्या मारू नयेत अशी पाटी होती आणि ती वाचूनच सगळे उड्या मारत.

"आता शेवटचं. आणि सगळ्यात भारी," असं म्हणून ताई मला डावीकडे वळवायची आणि कठड्यावरची पितळी घंटा जोरात वाजवायची. खाली वस्तीत एक तीन मजली घर होतं. त्याच्या गच्चीत खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ बसलेले असायचे. घंटा ऐकली की ते काठीला बांधलेलं नारंगी निशाण उचलायचे आणि आमच्याकडे बघून हलवायचे.

"हे आमचे कप्तान. माझे वडील," ताई सांगायची. "तळ्यात सहलीची बोट चालवायचे. हे निशाण त्या बोटीचंच. बोट बंद झाली, गुडघे गेले, पण पाहुण्याला सलामी दिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही."

मित्रांनो, मी पक्षी दाखवले, पूल दाखवला, पण लोकांना आवडायचे ते कप्तान. जांभया देणारी माणसं कठड्यावरून ओरडून हात हलवायची. एवढ्या लांबून कप्तानांना हात कुठला दिसणार! पण ताई घरी जाऊन सगळं तिखटमीठ लावून सांगायची, आणि कप्तानांची छाती फुगायची. त्यांना आयुष्यात तेवढंच एक काम उरलं होतं. पुढे गर्दी घटली तेव्हा ताईने सलामीसाठी फक्त रविवार ठरवला. रविवारी दुपारी धाकटा भाऊ वडिलांना पाठीवर घेऊन गच्चीवर नेऊन बसवायचा.

मग टेकडीच्या पायथ्याशी हॉटेलचं बांधकाम सुरू झालं. आता पाहुणे येतील, शहराचे दिवस पालटतील, म्हणून सगळे खूश झाले. मीही झाले. माझ्यासारखी वेडी मीच.

एकेक मजला चढत गेला. आधी कप्तानांचे पाय दिसेनासे झाले. मग खुर्ची. मग पांढरे केस. काही दिवस भिंतीच्या वर नुसतं निशाणाचं टोक फडफडताना दिसायचं. एका रविवारी ताईने घंटा वाजवली आणि माझ्यापाशी उभा असलेला प्रवासी म्हणाला, "कुठे कोण आहे? मला तर भिंत दिसतेय."

"हो का?" ताई म्हणाली. "तुम्ही तळं बघा."

प्रवासी गेल्यावर तिने स्वतः माझ्यात डोळे लावले. ओलं प्लास्टर होतं नुसतं. ती बराच वेळ बघत राहिली आणि माझी भिंगं आतल्या बाजूने कधी धूसर होत नाहीत ती त्या दिवशी झाली, असं मला वाटलं.

पुढच्या रविवारी टेकडीवर चिटपाखरू नव्हतं, तरी तिने घंटा वाजवली. त्याच्या पुढच्या रविवारीही. शेवटी धाकटा भाऊ धापा टाकत वर आला.

"ताई, बास कर आता. त्यांना पाठीवर घेऊन जिने चढतो मी, कंबरडं मोडतं माझं. इकडून काय दिसतंय तुला?"

"काही नाही. पण घंटा वाजली नाही तर त्यांना वाटेल, लोक आपल्याला विसरले. त्यांना तू सांगू नकोस."

"काय सांगू नको? अगं, त्यांच्या नाकासमोर सहा मजले उभे राहिलेत! ते काय आंधळे आहेत?"

ताई हळूच म्हणाली, "मग वर कशाला जातात?"

"मीही तेच विचारलं. तर म्हणाले, पोरगी तिकडे घंटा वाजवतेय. इथे कुणी नसलं तर तिला काय वाटेल?"

मित्रांनो, मला तेव्हा पापण्या हव्या होत्या. ताईने मटकन कठड्यावर बसून तोंडाला पदर लावला. भाऊ तिच्या शेजारी टेकला. त्यानंतर तिने त्याला घंटा थांबवण्याचं कबूल केलं नाही आणि त्यानेही पुन्हा विषय काढला नाही. रविवारी इकडून घंटा वाजायची. तिकडे भिंतीपलीकडे निशाण हलत असणार, असं आम्ही दोघी धरून चालायचो.

पावसाळा संपता संपता एका रविवारी ताईने नेहमीसारखी घंटा वाजवली आणि थोड्याच वेळात भाऊ टेकडी चढताना दिसला. रविवारी दुपारी त्याने गच्चीवर असायला हवं होतं. त्याच्या काखेत घडी केलेलं निशाण होतं. ताईने हात पुढे करून ते घेतलं आणि छातीशी धरलं.

त्यानंतर ताई आली नाही. टेकडीचा रस्ता खचला तो कुणी दुरुस्त केला नाही. माझ्या नळ्यांत कोळ्यांनी घरं केली. घंटा कुणीतरी पळवली. किती तरी दिवस मी त्या भिंतीकडे बघत होते.

आणि मग हॉटेलवाल्यांनी मला नेलं! घासूनपुसून, नवा रंग देऊन, थेट त्यांच्या गच्चीवर बसवलं. मित्रांनो, इथून सगळं लख्ख दिसतं. ते तीन मजली घर तर इतकं जवळ आहे, की खुर्चीचे उसवलेले वेत मोजता येतील. खुर्ची रिकामी असते. रविवारी मात्र ताई तिथे येऊन बसते, मांडीवर निशाण घेऊन, भिंतीच्या पायथ्याकडे बघत. तिला वाटतं, भिंतीपलीकडे टेकडीवर आता कुणीच नाही. खरंच आहे ते. मी तिच्या डोक्यावर आहे हे तिला कोण सांगणार? मला दाखवता येतं, हाक मारता येत नाही.

तुमच्यासाठी रोज हात हलवणारं कुणी असेल, तर मित्रांनो, समोर भिंत यायची वाट बघू नका. उठा आणि त्यांच्या गच्चीवर जा. मी जाऊ शकले नाही.

परवाच्या रविवारी एका पाहुण्याने वेटरला विचारलं, "इथून बघण्यासारखं काय आहे?"

"काही नाही साहेब," वेटर म्हणाला. "साधंच गाव आहे."

पाहुण्याने तरी मला डावीकडे वळवलं. खालच्या गच्चीवर ताई होती. तिने एकदाच मान वर केली, क्षणभर सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं.

"एक बाई बसलीय नुसती," पाहुणा म्हणाला आणि त्याने मला आकाशाकडे फिरवलं.