डाळिंबी होईपर्यंत

वर्षालीने तिसरं पातेलं मोरीत ओतलं. गुळाचं तपकिरी पाणी, वर तुपाचे डोळे, तळाशी जळलेल्या लवंगा. वास आला तो आमटीच्या फोडणीचा.

सुभद्राबाई भज्यांसाठी कांदा चिरत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"रम वाया गेली का गं?"

"रम अजून घातलीच नाही, आई."

"मग काही बिघडलं नाही."

साडेचार वाजले होते. सातला माणसं येणार होती.

डिसेंबरच्या तिसऱ्या रविवारी वर्षालीचे वडील, ज्योतीराम, थेरगावच्या या घरात आपल्या तीन जुन्या सोबत्यांना गरम रम पाजत. चाकणच्या एका कारखान्यात चौघांनी एकाच भट्टीवर बावीस वर्षं काढली होती. गूळ, सुंठ, मिरी, लवंग आणि संत्र्याची साल, एवढं कुणाच्याही नाकाला कळायचं. पुढचं ते सांगत नसत. जूनमध्ये ते गेले आणि पुढचं त्यांच्याबरोबर गेलं.

मागच्या आठवड्यात उद्धवरावांचा फोन आला होता. यंदा घरी नको, वहिनींना उगाच त्रास. डांगे चौकात एखाद्या हॉटेलात बसू. संक्रांतीनंतर आबाजी कायमचे गावी जाणार होते. वर्षालीला कळत होतं, ही माणसं एकदा हॉटेलात बसली की हा जिना पुन्हा चढणार नाहीत.

"घरीच या काका. मी करते."

"तू?" उद्धवराव थांबले होते. "तुला तर..."

पुढचे शब्द त्यांनी गिळले, पण ते तिला ठाऊक होते. ती बारावीत असताना वडील एकदा तिच्या बक्षीस समारंभाला पिऊन आले होते आणि खुर्चीसकट पडले होते. त्या रात्री त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. वर्षभर पाळली. मग डिसेंबरच्या तिसऱ्या रविवारी घरी पहिली बैठक बसली, तशी बाटली पुन्हा टेबलावर आली. वर्षाली पुस्तक घेऊन आतल्या खोलीत गेली आणि कडी लावली. त्यानंतर दर वर्षी तेच, अकरा वर्षं. आई त्या संध्याकाळी दापोडीला मावशीकडे जायची. त्यामुळे ते पेय कसं होतं हे दोघींपैकी एकीनेही पाहिलं नव्हतं. बंद दारातून वर्षालीला एकच खूण मिळाली होती: एकदम उठणारा चर्र असा आवाज, आणि त्यामागून चौघांचं हसणं.

त्या आवाजाला ती इतकी वर्षं फोडणी समजत आली होती.

ती नोकरी करते त्या कॉलेजच्या ग्रंथालयात बसून तिने गेल्या चार दिवसांत सापडेल ते वाचून काढलं. दालचिनीच्या कांड्या, चक्रीफूल, लोण्याचा गोळा, काचेच्या पेल्याच्या कडेला अडकवलेली संत्र्याची चकती. सगळं करून पाहिलं. वास जुळत नव्हता.

"माळ्यावरून शेगडी तरी काढ," सुभद्राबाई म्हणाल्या. "गॅलरीत ठेवू. आल्यावर हात शेकतील."

शेगडीच्या पोत्यात, कोळशाखाली, खाकी कापडात काहीतरी गुंडाळलेलं होतं. वर्षालीने कापड सोडलं. अंगठ्याएवढा जाड लोखंडी तुकडा, आणि त्याला वेल्डिंग करून जोडलेली हातभर लांब मूठ. तुकडा राखेने घासून लख्ख केलेला होता.

ती माळ्याच्या शिडीवरच बसून राहिली.

ती आठ वर्षांची असताना, खंडेनवमीला, कंपनीत घरच्यांना आत सोडलं होतं. वडिलांनी तिला खांद्यावर घेऊन भट्टीचं दार दाखवलं होतं. डायलवर विसंबायचं नाही, तापलेल्या लोखंडाचा रंग बघायचा, ते म्हणाले होते. जांभळासारखा असेल तर थांबायचं. डाळिंबी झाला की काढायचा आणि विझवायचा. संत्र्यावर गेला की माल बिघडला. आणि रंग बघायचा तर अंधारात, उजेड डोळ्याला फसवतो.

"आई," तिने वरूनच विचारलं, "कोळसा कोरडा आहे ना?"

सात वाजता तिघं आले. उद्धवराव पुढे, हातात फळांची पिशवी. मागे आबाजी, बारीक आणि अबोल. शेवटी मीरासाहेब, आता दापोडीत गॅरेज चालवणारे. त्यांनी आयुष्यात कधी दारूला हात लावला नव्हता; त्यांचा पेला रम घालण्याआधीच काढून ठेवतात, एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. तिघांनी हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं आणि मग कुठे बसावं हे न कळल्यासारखे उभे राहिले.

"बसा की," सुभद्राबाई म्हणाल्या. "मी काही यंदा दापोडीला जात नाही. भजी कोण तळणार?"

"मग दर वर्षी आम्ही फरसाण का खात होतो, वहिनी?" उद्धवराव म्हणाले, आणि पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

गॅलरीत शेगडी फुलली होती. तुकडा निखाऱ्यांत खोल रोवलेला होता. गुळाचं पाणी पातेल्यात वाफाळत होतं, सुंठ, मिरी, लवंग आणि संत्र्याची साल पोटात घेऊन. वर्षाली पुठ्ठ्याने वारा घालू लागली. तिघं दारात येऊन उभे राहिले. उद्धवरावांना मूठ दिसली आणि त्यांनी आबाजींच्या दंडाला धरलं.

"कुणी शिकवलं तुला?"

वर्षालीची नजर निखाऱ्यांवर होती.

"काका, ट्यूब बंद करा."

उद्धवरावांनी मुकाट्याने बटण दाबलं. अंधारात निखारे वर आल्यासारखे झाले. तिने तुकडा थोडा बाहेर ओढून पाहिला. जांभळट. पुन्हा आत सारला. तिने कोपर गुडघ्यावर टेकवलं. बावीस वर्षं रंग पाहिलेली तीन माणसं श्वास धरून बघत होती, आणि त्यांच्यापैकी एकानेही "आता" म्हटलं नाही.

तिने तुकडा काढला आणि पातेल्यात बुडवला.

चर्र!

वाफेचा लोट तिच्या तोंडावर आला. करपलेला गूळ, तापलेलं लोखंड, संत्र्याची साल. अकरा वर्षं दाराखालच्या फटीतून येत होता तो वास. उद्धवरावांनी दिवा लावायला हात वर केला आणि बटण दाबण्याआधी क्षणभर तसाच धरून ठेवला.

"हेच," आबाजी म्हणाले. त्या संध्याकाळचा त्यांचा तो पहिला शब्द.

"ज्योतीरामचा तुकडा कधी कधी संत्र्यावर जायचा," उद्धवराव म्हणाले. ते गरजेपेक्षा मोठ्याने बोलत होते. "पोरीनं बापाला मागं टाकलं, राव!"

वर्षालीने मीरासाहेबांसाठी एक पेला बाजूला काढला आणि पातेलं शेगडीपासून लांब नेऊन त्यात रम ओतली. पेले भरले. उद्धवरावांनी पहिला घोट घेतला, डोळे मिटले आणि दुसरा घेतला.

मीरासाहेब अजून स्वतःच्या पेल्याकडे बघत होते.

"चाचा, थंड होईल."

"एकच काढलास, बेटा?"

"तुमचा एकच ना?"

"माझा एकच." त्यांनी फोटोकडे पाहिलं. "पण दोन निघायचे नेहमी."

मीरासाहेबांनी दोन बोटं वर केली.

"एक माझा," मीरासाहेब सावकाश म्हणाले, "आणि एक त्याचा. पहिल्या वर्षीच मला म्हणाला, मीरा, पोरीच्या डोक्यावर हात ठेवलाय."

उद्धवरावांनी पेला खाली ठेवला.

"थांब. थांब जरा. अकरा वर्षं तो आमच्यात बसून काढा पीत होता?"

"हो."

"आणि नाचायचा तोच सगळ्यात जास्त," आबाजी म्हणाले.

"आणि घरी सोडायचाही तोच आम्हाला," उद्धवराव म्हणाले. "मी म्हणायचो, केवढी पचवतो हा गडी! लबाड माणूस. आम्हाला का नाही सांगितलं?"

"म्हणाला, उद्धवला कळलं तर जगू देणार नाही."

उद्धवराव हसायला लागले. आबाजीही हसले, न थांबता, डोळे पुसत. दारात झारा घेऊन उभ्या असलेल्या सुभद्राबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की काय, ते दिसत नव्हतं.

वर्षालीने आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. थंडी येते म्हणून आईने ते दुपारीच लोटून ठेवलं होतं. ती उठली. तिने दार भिंतीला टेकेपर्यंत उघडलं आणि ते पुन्हा मिटू नये म्हणून खाली दोन जाड पुस्तकं लावली. मग परत येऊन शेगडीपुढे बसली.

उद्धवरावांनी आपला पेला लांब सरकवला. बाटलीला बूच लावलं.

"आता त्याचा कर," ते म्हणाले. "सगळ्यांना."

दुसरं पातेलं चढलं. तुकडा निखाऱ्यांत गेला. या खेपेला ट्यूब सुभद्राबाईंनीच बंद केली, कुणी न सांगता, आणि त्या लेकीशेजारी पाटावर टेकल्या. पाच माणसं अंधारात एका लोखंडाच्या तुकड्याकडे बघत राहिली.

"झाला का गं?" सुभद्राबाईंनी हळूच विचारलं.

वर्षालीने तुकडा थोडा बाहेर ओढला.

"अजून नाही, आई," ती म्हणाली. "थांब. डाळिंबी होऊ दे."