सोन्याची गाय, तपासून घेतलेली

मी एक जुना शिक्का आहे, आणि मित्रांनो, एक गोष्ट छातीठोकपणे सांगतो. मी एकदा उमटलो की मला पुसणारा अजून जन्मायचाय.

तो जन्मला होता. त्याचं नाव जोतीराम. पहिल्याच दिवशी त्यांनी मला उलटा मारला, मग अंगठ्याला थुंकी लावली आणि दोन घासण्यांत सगळा साफ केला. त्या दिवसापासून मी जरा बेतानं बोलतो.

माझा जन्म बारामतीत, एसटी स्टँडजवळच्या एका टपरीत झाला. कारागिरानं रबरावर वासराला चाटणारी गाय कोरली, खाली 'तपासून घेतले' असं लिहिलं आणि वर सागवानी मूठ बसवली. वासराचे कान जरा लांब झाले. जोतीराम म्हणाले, "ह्ये तर ससा दिसतोय." कारागीर म्हणाला, "ल्हान हाय अजून. वाढंल तसं नीट हुईल."

ते काही वाढलं नाही. पण मी काटेवाडीच्या दूध संस्थेत रुजू झालो. जोतीराम तिथले सचिव. सकाळ-संध्याकाळ दूध यायचं, तपासलं जायचं, आणि मग ज्याच्या त्याच्या कार्डावर मी पडायचो. माझा मान मोठा होता. शेजारचा गेणबा तर कार्ड पुढं करून रोज तक्रार करायचा, "तात्या, जरा दाबून हाणा की. काल शिंगंच उठली न्हाईत. बायकू म्हनली, गाढवीचं दूध घालून आलाव काय?"

पुढं संस्थेत मशीन आलं. ते आपोआप चिठ्ठी काढायचं. मला कुणी काही बोललं नाही, नुसतं उचललं नाही. जोतीराम निवृत्त झाले तेव्हा मला खिशात घालून घरी घेऊन आले आणि बिस्किटाच्या डब्यात टाकलं. डब्यात शर्टाची बटणं होती आणि बॅटरीचं एक झाकण होतं. त्यांच्याशी काय बोलणार? कधीमधी त्यांच्या बायको लीलाबाई मला बाहेर काढायच्या, लसूण ठेचायला. मुठीकडून ठेचायच्या, एवढी मात्र कृपा. गाईला वास लागला नाही, पण मी आठ वर्षं चटणीसारखा दरवळत होतो.

मग त्यांच्या मुलानं, यशराजनं, मळ्यात नवं घर बांधलं. वास्तुशांती ठरली. जुन्या घरातलं सामान काढायला सुरुवात झाली आणि डब्यासकट माझा नंबर भंगारात लागला. मला वाचवलं ते सूनबाईंनी.

सूनबाई श्रिया बारामतीची. दवाखान्यात नोकरीला, पण जीव सगळा कागद, कात्री आणि रंगात. तिनं मला झटकून बघितलं आणि ओरडली, "आई, किती गोड आहे हा! वास्तुशांतीच्या पत्रिकेवर गाय-वासरू, तेही सोनेरी. मी फॉईल लावते."

"बेगड म्हन की," लीलाबाई म्हणाल्या.

श्रियानं करून दाखवलं. मला एका बाटलीतल्या खास गोंदात टेकवलं, पत्रिकेवर दाबलं. गोंद अर्धवट सुकू द्यायचा. मग त्याच्यावर सोनेरी फॉईलचा कागद ठेवायचा, चमच्याच्या पाठीनं घासायचं आणि कागद ओढून घ्यायचा. जिथं चिकट तिथं सोनं राहतं, बाकीचं कागदाबरोबर निघून जातं. मी सोन्याचा झालो! पण श्रियाला घाई फार. गोंद ओला असतानाच फॉईल दाबायची, आणि गाईऐवजी सोन्याचा शेणगोळा उठायचा.

तेवढ्यात श्रियाच्या आईचा, सुधाताईंचा, फोन आला. बत्तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या बाई. फोनवरसुद्धा शुद्धलेखन तपासतात असं वाटायचं.

"विहीणबाई, पत्रिका पुण्याहून छापून आणूया का? छान सोनेरी मिळतात."

लीलाबाईंनी मला हातात घेतलं आणि फोनमध्ये ठणकावलं, "काय गरज न्हाय. दीडशे पत्रिका आमी घरी करणार. अस्सल सोन्याची गाय हाय आमच्याकडं. ऐतवारी येऊन बघा, एकीला जरी डाग दिसला तर खुशाल पुन्याला जावा."

जोतीराम हळूच म्हणाले, "अगं, केल्यात किती आत्तापर्यंत?"

"अकरा."

"आन चांगल्या?"

"चार. तुमी गप बसा."

आता लीलाबाईंचा शब्द आणि माझं नशीब एकाच दाव्याला बांधलेले. पत्रिका जमल्या नाहीत तर त्यांना विहिणीपुढं मान खाली घालावी लागणार, आणि मला भंगाराचा हातगाडा.

शनिवारी श्रिया ड्युटीवर गेली आणि दुपारी गोंदाची बाटली संपली. नवी बाटली चार दिवसांनी येणार होती. लीलाबाईंनी पोरांचा डिंक लावून बघितला, पण तो लगेच वाळून खडखडीत झाला. कणकेची खळ लावली, तर गाय देवी आल्यासारखी फोडाफोडांची दिसायला लागली. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि काकवीची बरणी घेऊन आल्या.

जोतीराम चष्मा कपाळावर नेऊन म्हणाले, "भाकरी खायला बसलीस का पत्रिका करायला?"

"चिकटच पायजे ना? काकवीपरास चिकट काय हाय का तुमच्या तालुक्यात?"

आता मित्रांनो, ऐका. जे श्रियाला इतक्या दिवसांत जमलं नव्हतं, ते लीलाबाईंना पाकामुळं आधीच येत होतं. त्यांनी काकवी जरा आटवली. थेंब दोन बोटांत धरून ताणला. तार आली. "एकतारी झाली," म्हणाल्या. मग ती भांडी घासायच्या कोऱ्या स्पंजावर पसरली आणि मला टेकवलं, अलगद. पत्रिकेवर उठवलं आणि वाट बघितली. बोटाला ओढ लागते पण बोट भरत नाही, अशी वेळ आली की बेगड ठेवायची. चमचा फिरला, कागद निघाला.

काय सांगू! शिंगं, खूर, गाईची पापणीसुद्धा. वासराचे कान तर असे झळकले की ससा म्हणायची कुणाची छाती झाली नसती. जोतीराम बराच वेळ बघत राहिले. मग खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "सरक. दाबायचं काम मी करतो. तीस वर्षांची सवय हाय." दिवेलागणीपर्यंत दीडशे झाल्या.

रविवारी सुधाताई आल्या. त्यांनी पत्रिका उजेडात धरली, तिरकी केली, नखानं टोकरून बघितली. डाग नव्हता. पुणं राहिलं. मी मनातल्या मनात सुस्कारा सोडला.

"सुंदर," त्या म्हणाल्या. मग थांबल्या. "पण खाली हे काय? 'तपासून घेतले'?"

हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. दीडशे पत्रिकांवर, सोन्यात.

लीलाबाईंनी पापणी लववली नाही. "मग? बिनतपासता कुनाला बोलावत न्हाय आमी."

सुधाताई एकदम हसल्या. तीस पत्रिका आपल्या लोकांसाठी घेऊन गेल्या. बाकीच्या जोतीरामांनी काटेवाडीपासून कोऱ्हाळ्यापर्यंत मोटरसायकलवर वाटल्या. मला धुऊन, पुसून खिडकीत ठेवलं.

मंगळवारी सकाळी फोन वाजला.

"विहीणबाई," सुधाताई अगदी हळू बोलत होत्या, "तुमची गाय चालतेय."

"कुठं?"

"माझ्या हॉलच्या भिंतीवर. शोकेसवरून निघालीय, खिडकीकडे चाललीय. शिंगं पुढे आहेत. वासरू मागून येतंय."

मुंग्या, मित्रांनो. लाल मुंग्या. त्यांनी काकवी खाल्ली, आणि वरचं सोनं, कण कण करून, डोक्यावर घेऊन निघाल्या होत्या. मागं पत्रिका कोरी. म्हणून सांगतो, मला पुसणारे जन्मलेले आहेत, आणि सहा पायांचे आहेत.

लीलाबाई फोन ठेवून खाटेवर बसल्या. "झालं. आता मी त्या बाईला तोंड कसं दाखवू? सारा गाव हसंल." श्रिया म्हणाली, "आई, तुम्ही मला एक फोन करायचा होता." जोतीरामांनी मला उचलून डब्यात टाकलं. बटणं तशीच होती.

संध्याकाळी गेणबा पळत आला. लीलाबाई आत जायला उठल्या, तर तो दारातूनच ओरडला, "वहिनी! आवो, आमच्या घरात मुंग्या सोनं घिऊन आल्या! पत्रिका बाहेर ओसरीवर ठिवली व्हती, तिथनं उंबऱ्यावरनं आत! आई म्हनती, लक्षीमी अशी येती. दुसरी पत्रिका हाय का? भावाच्या घरी ठिवायची हाय."

लीलाबाईंनी जोतीरामांकडं बघितलं. जोतीरामांनी डब्याकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी कोऱ्हाळ्याहून दोघं पत्रिका मागायला आले. ज्यांच्याकडं मुंग्या आल्या नव्हत्या ते चिडले होते. एक म्हातारी भांडायलाच आली, "आमच्यात काय खोट हाय म्हनून न्हाय आल्या?" तिची समजूत घालायला लीलाबाईंनी तिच्या पत्रिकेवर थेंबभर काकवी वाढवली.

वास्तुशांतीला बोलावलेले आले आणि न बोलावलेलेही आले. जेवणाची पंगत चारदा बसली. पण लीलाबाईंचं लक्ष फाटकाकडं. सुधाताई आल्या, पाय धुतले, देवाला नमस्कार केला आणि सरळ लीलाबाईंपुढं येऊन उभ्या राहिल्या.

"विहीणबाई, तुम्ही फोनवर काय म्हणाला होतात? डाग दिसला तर पुण्याला जा."

"व्हय," लीलाबाई खाली बघत म्हणाल्या.

"डाग एकही राहिला नाही. साखरेचा कण नाही, सोन्याचा कण नाही. इतकी स्वच्छ पत्रिका मी आयुष्यात बघितली नाही."

मग दोघी अशा हसल्या की भटजींनी मंत्र थांबवला.

तेव्हापासून नव्या घरात, दिवाणखान्याच्या खिडकीत, माझी जागा पक्की आहे. पितळी वाटीत, मूठ वर करून बसतो. सुधाताई दर रविवारी येतात. दोघी मिळून कुणाच्या बारशाच्या, कुणाच्या डोहाळजेवणाच्या पत्रिका करतात, आता बाटलीतल्या गोंदानं. तार बघून वेळ ठरवायचं काम अजून लीलाबाईंचं, आणि शुद्धलेखन सुधाताईंचं. मी सुखात आहे. लसूण ठेचायला त्यांनी खलबत्ता आणलाय.

काल मात्र सुधाताई कानाशी येऊन म्हणाल्या, "थोडी काकवी आहे का हो? आमच्या महिला मंडळात कुणाचा विश्वासच बसत नाही. एकदा दाखवायचंय." लीलाबाईंनी बरणी काढली. दहा पत्रिका झाल्या. गप्पा रंगल्या, चहा झाला, आणि मला धुवायचं राहून गेलं.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडं एकच मागणं. आमच्याकडून सोन्याचं काम घ्या, चिखलाचं घ्या, लसूण ठेचा, आमची ना नाही. पण काम झालं की ओल्या फडक्यानं एकदा तोंड पुसत जा. आम्हाला हात नाहीत.

आज सकाळी लीलाबाईंनी मला वाटीतून उचललं. उंदरानं वासरू खाल्लंय. खालचं 'तपासून घेतले' तेवढं शाबूत आहे.