कुंकू लागलेल्या स्प्रिंगा

"जुन्या स्प्रिंगा घरी आल्याबिगर नव्या बसल्या म्हणून धरू नको, बाई," असं ज्योतीराम लेकीला फोनवर म्हणाले होते, आणि निशिगंधा हसली होती.

हसण्यासारखंच होतं ते. ज्योतीरामांचा उभा जन्म आकुर्डीच्या एका कंपनीत मेन्टेनन्सला गेला. तिथला रिवाज असा, की मशीनचा तुटलेला भाग स्टोअरच्या खिडकीत ठेवल्याशिवाय नवा हातात पडायचा नाही. निवृत्त झाल्यावरही त्यांनी तो रिवाज घरात चालू ठेवला होता. गेलेला बल्ब दाखवल्याशिवाय नवा नाही, पिळून चपटी केलेली टूथपेस्ट दाखवल्याशिवाय नवी ट्यूब नाही. निशिगंधाची आई म्हणायची, नशीब माझं, भाकरी करताना जुनी भाकरी दाखवावी लागत नाही.

"बाबा, ते गॅरेज आहे. तुमचं स्टोअर नाही," निशिगंधा म्हणाली.

"असू दे की. जुन्या मागून घे, इतकंच म्हणायलोय मी."

लेक इंद्रायणी रडतेय असं सांगून तिनं फोन ठेवला. इंद्रायणी रडत नव्हती, फरशीवर बसून चमचा चाटत होती.

गाडी होती कुलदीपची. निशिगंधाचा नवरा मूळचा थेरगावचा, वडिलांच्या शेतावर आता गाळे उभे होते आणि स्वतः कुलदीपचं चाकणला लाकडी खोकी बनवायचं युनिट होतं. लग्नाआधीपासून त्याच्या डोक्यात स्पोर्ट्स कार होती. शेवटी त्यानं एक सेकंडहँड लाल गाडी घेतली, दोन दारांची, मागे नावाला दोन सीटा. सगळ्यांना वाटलं, रविवारी काढायची गाडी. पण तो रोज तीच न्यायचा. सकाळी मागच्या सीटवर इंद्रायणीची खुर्ची, तिला आकुर्डीला निशिगंधाच्या आईकडे सोडायचं आणि पुढे चाकण. निशिगंधा घरून कंपनीचं काम करायची, तिला सकाळच्या मीटिंगा असायच्या आणि सासूबाईंना, शालनबाईंना, पोरीमागे धावणं झेपायचं नाही, म्हणून ही सोय.

आणि मग कुलदीपला ती चार बोटं दिसायला लागली. चाकाच्या वर आणि मडगार्डच्या खाली चार बोटं जाईल एवढी जागा होती.

"जीप वाटते राव," तो स्वतःशीच म्हणायचा. "दोन बोटं पाहिजेत. खाली बसली ना गाडी, की बघ कशी दिसते."

"लेकरू बसतं तिच्यात," निशिगंधा म्हणाली.

"म्हणून तर नीट करून घेतोय. कॉइलओव्हर टाकतो. स्प्रिंग आणि शॉकअप एकत्रच येतं, खाली आट्यांची रिंग असते. पान्यानं फिरवली की हवी तेवढी वर-खाली."

निशिगंधा कुठलीही गोष्ट वाचल्याशिवाय मान्य करणाऱ्यातली नव्हती. मुलीचं औषधसुद्धा ती आधी नेटवर बघायची. तिनं तीन-चार दिवस वाचलं आणि जेवताना सांगितलं, "कॉइलओव्हर नको. ते हौशी रेसवाल्यांचं काम. तुमच्या चाकणच्या चिखलात त्या रिंगा जाम होणार आणि तुम्ही दर महिन्याला गाडी घेऊन गॅरेजला बसणार. करायचंच असेल तर नुसत्या आखूड स्प्रिंगा टाका, चांगल्या कंपनीच्या. एकदा बसवल्या की हात लावायला नको."

"बघा," कुलदीप आईला म्हणाला, "तुमची सून मेकॅनिक झाली."

शालनबाई नातीला भरवत होत्या. "मला तर काय कळत न्हाई. पैसं देऊन गाडी बुटकी करायची. आमी घोडं घ्यायचो तवा उंची बघून घ्यायचो."

स्प्रिंगाच टाकायच्या असं ठरलं, निशिगंधाच्या सांगण्यावरून. पुढे तिला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच.

तुळशीचं लग्न झालं आणि त्याच आठवड्यात कुलदीपनं गाडी सुजितकडे लावली. मोशीच्या पुढे, आतल्या रस्त्याला सुजितचं गॅरेज होतं. कुलदीपनं तिथून फोटो पाठवला. हातात स्प्रिंगांचा खोका, आत चार लालभडक स्प्रिंगा, शेजारी सुजित अंगठा दाखवून हसतोय. संध्याकाळी गाडी आली ती खरोखर खाली बसलेली. दोन बोटं. कुलदीप तिच्याभोवती फिरला, आत आला, पाणी पिऊन परत बाहेर गेला.

निशिगंधानंही मोबाईलचा टॉर्च लावून चाकाच्या फटीतून बघितलं. लाल स्प्रिंग दिसली. उगाच शंका घेतली असं वाटून ती आत आली.

पण तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती स्वतः त्या गाडीत बसली. डांगे चौकाच्या अलीकडच्या स्पीडब्रेकरवर मागच्या बाजूनं आवाज आला. टक्. लोखंडानं लोखंडाला टिचकी मारावी तसा.

"काय वाजलं?"

"काय?" कुलदीपनं गाण्याचा आवाज वाढवला होता.

"मागे वाजलं काहीतरी."

"नव्या स्प्रिंगा आहेत. बसायला वेळ लागतो."

वेळ लागतो हे तिनं कुठंच वाचलं नव्हतं. निशिगंधानं मागे वळून बघितलं. इंद्रायणी पट्ट्यात अडकवलेल्या पायांनी हवेत सायकल मारत होती, आणि तिच्या बुडाखाली, सीटच्या खाली, ते काहीतरी वाजत होतं.

त्यानंतर तिचं कशातच चित्त लागेना. सकाळी गाडी गेली की ती आईचा फोन येईपर्यंत मीटिंगमध्ये नुसती मान हलवायची. कुलदीप गॅलरीत जाऊन फोनवर बोलला, की ती कान द्यायची. एकदा "नाही रे, ठीक आहे, किंचित वाजतं" एवढं ऐकू आलं. ठीक आहे तर वाजतं कशाला? आणि वाजतं तर मला "काय?" म्हणून कशाला विचारलं? पुन्हा एकदा टॉर्च घेऊन ती चाकाशी बसली. या वेळी नीट बघितलं. स्प्रिंगच्या वरच्या टोकाला रबराची वाटी होती, आणि त्या रबरावरही लाल रंगाचे शिंतोडे होते. कंपनीतून रंगवून आलेल्या स्प्रिंगनं गाडीचं जुनं रबर कशाला रंगेल?

तेव्हा तिला बाबांचं बोलणं आठवलं.

"अहो, जुन्या स्प्रिंगा कुठं आहेत?"

"भंगारात गेल्या असतील."

"आपल्या स्प्रिंगा भंगारात द्यायला त्याला कुणी सांगितलं?"

"निशी, तू आता सासरेबुवांसारखी बोलायला लागलीस."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं आकुर्डीहून इंद्रायणीला घेतलं आणि तशीच तिला कडेवर घेऊन ती रिक्षानं सुजितच्या गॅरेजला गेली. सुजित गोड माणूस. लगेच खुर्ची पुसून दिली, फॅन तिच्याकडे वळवला.

"वहिनी, तुम्ही कशाला त्रास घेतला? भाऊंना सांगायचं."

"आमच्या जुन्या स्प्रिंगा हव्यात."

"त्या? त्या भंगारवाला घेऊन गेला ना."

"कधी?"

"परवाच."

"कुठला भंगारवाला? मी जाऊन आणते."

सुजित हसला.  इंद्रायणीनं टेबलावरचा कॅल्क्युलेटर ओढला, तो निशिगंधानं परत जागेवर ठेवला आणि ती तशीच बसून राहिली. समोर एक गिऱ्हाईक उभं होतं, त्याच्या देखत हा विषय लांबवणं सुजितला परवडेना.

"थांबा, बघतो आत. कधी कधी राहतात."

तो आत गेला, खूप वेळानं तारेनं बांधलेल्या चार काळ्या स्प्रिंगा घेऊन आला. "घ्या, सापडल्या. तुमचं नशीब. खास तुमच्यासाठी ठेवल्या म्हणा." रिक्षापर्यंतही त्यानंच आणून दिल्या.

परतताना पायाशी तो जुडगा ठेवून निशिगंधा ओशाळली. माणूस चांगला होता. बाबांचा संशय आपल्या अंगात भिनला, उगाच सगळ्यांना आरोपी करतोय आपण, असं वाटलं. आवाजाचं काय ते कुलदीप बघून घेईल.

अंगणात तिनं स्प्रिंगा ठेवल्या. शालनबाई वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी चष्मा वर केला.

"ह्यास्नी कुंकू कुनी लावलं?"

"कशाला?"

"ह्या लोखंडास्नी. हे बघ की. हळद बी हाय."

निशिगंधा खाली बसली. एका स्प्रिंगच्या वेटोळ्यावर हळदीकुंकवाचं बोट उमटलं होतं, तेलकट काळ्यावर वाळून गेलेलं. दुसरीच्या आतल्या बाजूला झेंडूच्या पाकळ्या चिकटल्या होत्या, चहाच्या चोथ्यासारख्या झालेल्या.

"खंडेनवमीचं आसंल," शालनबाई म्हणाल्या. "हत्यारांबरोबर ह्यास्नी बी पुजलं आसंल गॅरेजात."

त्या पुन्हा वातीकडे वळल्या. निशिगंधा मात्र तिथंच बसून राहिली. खंडेनवमीला तिच्या माहेरी पकड, स्क्रू ड्रायव्हर, बाबांचा जुना पाना, सगळं पाटावर मांडलेलं असायचं. आणि यंदाच्या खंडेनवमीला कुलदीपची लाल गाडी याच अंगणात उभी होती. शालनबाईंनी तिच्या बॉनेटवर स्वस्तिक काढलं होतं, स्प्रिंगा तेव्हा गाडीच्या पोटात होत्या. गाडी गॅरेजला गेली तुळशीच्या लग्नानंतर.

मग गॅरेजमध्ये पूजेला बसलेल्या या स्प्रिंगा कुणाच्या?

आणि आमच्या कुठं आहेत?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिला बसल्या जागीच कळलं. जुन्या स्प्रिंगा त्याला देता येत नव्हत्या, कारण त्या गाडीतच होत्या.

कुलदीप आला तेव्हा ती दारातच होती. लेकीला कडेवर घेऊनच तिनं आधी स्प्रिंगा दाखवल्या, मग सांगितलं. तो ऐकता ऐकता दोनदा "अगं पण" म्हणाला आणि थांबला.

"जॅक लावा," ती म्हणाली. "चाक लोंबकळलं तरी स्प्रिंग दोन्ही वाट्यांच्या मध्ये घट्ट राहिली पाहिजे. मी वाचलंय."

त्यानं मागचं चाक उचललं. जमिनीपासून चाक सुटलं तसा आतून तोच आवाज आला. टक्. कुलदीपनं चाक काढलं, आत हात घातला आणि दोन बोटांनी स्प्रिंग फिरवली. ती बांगडीसारखी फिरली. त्यानं ती बाजूला सरकवली, तर वाटीतून बाहेरच आली. खालचं टोक ग्राइंडरनं कापलेलं होतं. कापल्या जागी लोखंड निळं पडलं होतं, आणि वर घाईघाईनं लाल स्प्रे मारलेला.

जुन्याच स्प्रिंगांची वेटोळी कापून गाडी बुटकी केली होती. एखाद्या खड्ड्यात चाक जरा जास्त लोंबकळलं असतं, तर ही स्प्रिंग अशीच सरकून बाहेर आली असती, चालत्या गाडीत.

कुलदीप चाकाशी उकिडवा बसला.

"आवाज मलाही येत होता," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"पोरं म्हणाली, गाडी एक नंबर दिसते. म्हटलं, वाजू दे जरा."

 निशिगंधाला म्हणण्यासारखं पुष्कळ होतं, पण इंद्रायणी तिच्या खांद्यावर झोपली होती. गाडी तिथंच चार विटांवर राहिली, आणि सकाळी आकुर्डीला रिक्षा जाऊ लागली. ज्योतीरामांना सगळं सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बरं झालं मागून घेतल्यास."

सुजितनं आधी "वहिनींचा गैरसमज झालाय भावा" असं म्हटलं, मग फोन उचलायचं बंद केलं. कुलदीप गेला तर शटर खाली.

इथं ही गोष्ट संपायला हवी होती. पण निशिगंधा सुजितनं गॅरेजच्या नावानं नेटवर टाकलेले व्हिडिओ बघत बसली. एकात सुजित एका जोडप्याला तोच खोका दाखवत होता. तोच, कारण कुलदीपच्या फोटोतल्यासारखीच त्याच्या कोपऱ्यावर निळी टेप होती. आत त्याच चार लाल स्प्रिंगा. प्रत्येकाला दाखवायच्या आणि परत खोक्यात. व्हिडिओ कुलदीपच्या गाडीनंतरचा होता. त्या जोडप्याची पांढरी गाडी वळून निघाली तेव्हा नंबर वाचता आला नाही, पण मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत 'कस्तुरा' लिहिलेलं दिसलं, आणि काचेच्या आत लेकराची खुर्ची. सुजित मागून ओरडतो, "कुरुळीला सावकाश जा, पाव्हणं." निशिगंधानं खाली लिहिलं, गाडी चालवू नका. तिचं लिहिलेलं काढून टाकलं गेलं आणि तिला ब्लॉक केलं.

कुलदीप दोनदा चाकणच्या अलीकडच्या कुरुळीत फिरून आला, गाडी दिसली नाही. दिसली नाही याचा अर्थ काय घ्यायचा, हे तिला अजून ठरवता येत नाही.

म्हणून तुम्ही त्या बाजूला राहत असाल, कंपनीच्या गेटवर, शाळेपुढे, किराणा दुकानाशी उभे असाल, तर तिचं एक काम करा. पांढरी, बुटकी गाडी, मागच्या काचेवर कस्तुरा. दिसली तर थांबवा, जॅक लावायला सांगा. आणि आधी मागच्या सीटवर बघा. ते लेकरू बरं आहे ना, एवढं बघून तिला कळवा.