‘हे नको’चं बटण

घरातली धाकटी एका व्हिडिओ ॲपच्या कंपनीत होती. कुणाला पुढे काय दाखवायचं हे ठरवणाऱ्या यंत्रणेत माणुसकीची मूल्यं घालायची, हे तिच्या टीमचं काम. ऐकायला भारदस्त वाटतं. प्रत्यक्षात तीन वर्षांत या मंडळींनी एक बटण घातलं होतं: ‘हे नको’. त्याच्या कौतुकाचा केक मात्र दोनदा कापून झाला होता.

रविवारी ती वडिलांकडे गेली. वडील जुने ट्रक ड्रायव्हर. अठरा वर्षांपूर्वी ट्रक मागे घेताना एक शाळकरी मुलगी चाकाखाली आली. कोर्टाने निर्दोष सोडलं, तरी त्यांनी पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. आणि आता खिडकीशी बसून ते फोनवर ट्रकचे अपघात बघत होते. एक आला की ‘हे नको’ दाबायचे, लगेच दुसरा यायचा.

“बाबा, हे काय बघताय?”

“मी कुठे बघतोय? एकदा चुकून एक लागला. तूच म्हणालीस ना, नको असेल तर बटण दाबा. महिनाभर दाबतोय.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “याला माहीत आहे गं. सगळे विसरले, हा नाही विसरला.”

सोमवारी तिने यंत्रणेच्या नोंदी उघडल्या आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘हे नको’ दाबणं प्रतिसाद म्हणून मोजलं जात होतं. बोट लागलं ना, मग माणूस गुंतलाय, वाढा आणखी! म्हातारा जिवाच्या आकांताने नको म्हणत होता आणि हे मेलं यंत्र आग्रह करकरून वाढत होतं.

ती तडक साहेबांकडे गेली. साहेब म्हणजे नाकाने कांदे सोलणारा माणूस. ‘आधी माणूस’ अशा पाटीखाली बसून दिवसभर आकडे बघायचा.

“चूक आहे खरी,” तो म्हणाला. “पण सुधारली तर बघण्याचा वेळ चार टक्क्यांनी पडेल. पुढच्या तिमाहीत बघू. तोवर मूल्यांच्या अहवालात ‘नकाराचा आदर’ असा मुद्दा टाक. छान दिसेल.”

“माझ्या बापाच्या जखमेवर मीठ चोळायचं आणि वर त्याला आदर म्हणायचं?”

“बटण दाबणं कसं मोजायचं, त्या कागदावर सही तुझीच आहे,” साहेब शांतपणे म्हणाला.

होतीच. बटण सुरू करायची घाई होती, सतरा पानं कोण वाचतंय, म्हणून तिने ठोकून दिली होती. आता राग काढायचा कुणावर?

अहवाल तिने लिहिला. एका ओळीचा. ‘आमचं बटण खोटं आहे, दाबाल तर तेच जास्त येईल.’ साहेबांना न दाखवता तो सगळ्या कंपनीला धाडला. दुपारपर्यंत तिचं ओळखपत्र काढून घेतलं होतं.

संध्याकाळी ती वडिलांसमोर बसली.

“बाबा, फोनला काही माहीत नाही. तो तुम्हाला शिक्षा देत नाहीये. मी एका कागदावर न वाचता सही केली, त्यामुळे हे सगळं झालं.”

वडिलांनी फोन पालथा ठेवला.

“मीही आरशात न बघताच गाडी मागे घेतली होती,” ते म्हणाले. “कोर्टात मात्र ‘बघितलं होतं’ म्हणून सांगितलं.”