हालचाल वर्ज्य

आमच्या डॉक्टरसाहेबांना साधं बोलणं जमायचंच नाही. "जखम दृढ होईपर्यंत रुग्णाने मस्तकाची हालचाल संपूर्णतः वर्ज्य करावी," एवढं म्हणून ते पुढच्या खाटेकडे वळत. मग मी, मंदाबाई नर्स, ते अहिराणीत सांगायचे. देवपूरच्या त्या दवाखान्यात माझा निम्मा जीव यातच गेला.

मागच्या वर्षी भिकुबाईच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. "हालू नको," मी सांगितलं होतं, आणि बिचारी हाललीही नाही. मग वॉर्डाच्या दारात तिचे जेठ, म्हणजे थोरले दीर, पुना आबा, आल्याची वर्दी म्हणून खोकले. पट्टी बांधलेली बाई तटकन उठली, पदर ओढून खाटेवरून खाली उतरून बसली. डोळा गेला. साहेब माझ्यावर डाफरले. पण जेठासमोर उठणं ही हालचाल असते, असं तिच्या गावात कोण समजतं?

यंदा, चोपन्न साली, डावा काढला. हाच काय तो उरलेला. दोन्ही डोळ्यांवर पट्टी घेऊन ती पडून असायची. दुपारी पांझरा नदीवरून वारा आला की पडदे हलत, अख्खा वॉर्ड पेंगायचा, आणि ती हळूच बोलायची. "माय, बठ्ठं धवयं दखास. कापूस फुटना का?" मग थोड्या वेळानं, "मी जपेल शे का जागी?" ती झोपलीय की जागी, हे मलाही सांगता यायचं नाही. तिच्याजवळ बसलं की मलाही ते सगळं पांढरं, कापूस फुटलेलं शेत दिसायला लागे.

अशाच एका दुपारी व्हरांड्यात आबा दिसले. मी धावत जाऊन त्यांना अडवलं.

"आबा, खोकलशात ते ती उठी. उठी ते डोया जाई."

ती लग्न होऊन आल्यापासून आबा या भावजयीशी एक शब्द बोलले नव्हते. तशी रीतच होती. मग त्यांनी जोडे काढले आणि न खोकता आत शिरले.

पण तंबाखूचा वास त्यांच्या आधी पोचला. भिकुबाईचा हात पदराकडे गेला, मान उशीवरून सुटू लागली.

"भिकू, पडी ऱ्हाय," आबा म्हणाले. "आठे जेठ नही. तुना भाऊ येल शे."

हात तिथंच थांबला. मान हळूहळू उशीवर टेकली. आबा खाटेशेजारी जमिनीवर बसले. मला रडू येत होतं आणि मी ते आवरलंही नाही.

मग पट्टीखालून आवाज आला.

"भाऊ, भाकर खादी का?"