सांगून जाणं

लेन्सचं झाकण काळं, वाटीच्या बुडाएवढं, आणि त्याच्या खाचेत अजून चिखल – भाताच्या बांधीतला, वाळून राखाडी झालेला, नखानं खरवडला तर भुगा होऊन काउंटरच्या काचेवर पडणारा. उमेंद्रनं तो भुगा फुंकला. डॉक्टरांचं झाकण. राखीच्या आधीपासून ड्रॉवरमध्ये पडलंय, ना परत पाठवलं ना फेकलं... पाठवायचं तर सोबत चार ओळी लिहाव्या लागणार, 'आदरणीय सर' म्हणावं लागणार, आणि आदरणीय हा शब्द हल्ली त्याच्या बोटांतून उतरत नव्हता.

कॉम्प्युटरवर सकाळपासून एकच वाक्य उघडं होतं. 'मित्रांनो, आज मी हा समूह सोडत आहे.' पुढे काही सुचत नव्हतं, म्हणजे फार सुचत होतं, आणि सगळ्या शिव्याच होत्या.

समूह म्हणजे फेसबुकवरचा 'सारस सखा'. नागपूर-पुण्याचे, कुठकुठले हजारो लोक, आणि त्यांचे मुख्य हे नागपूरचे डॉक्टर. आमगावात स्टेशनरोडला पासपोर्ट फोटो आणि लग्नाचे अल्बम करणाऱ्या उमेंद्र कटरेला इथे कोण विचारत होतं? सारसाचा फोटो दुकानात लावला तर गिऱ्हाईक म्हणायचं, भैया, ये बगुला किसलिए टांगा है? पण समूहावर टाकला की तासाभरात लोक तुटून पडत – वा उमेंद्रजी, काय नजर आहे! दोन वर्षं त्यानं त्या 'जी'वर काढली. जेवताना मोबाइल, हागायला जाताना मोबाइल. बायको, प्रेमिला, म्हणायची की त्या पक्ष्यांनी तुम्हाला अंडं समजून उबवायला घेतलंय.

मग डॉक्टर आले. उमेंद्रनंच बोलावलं होतं, यादोरावमामाच्या बांधीत घरटं होतं म्हणून. मामानं धानात कोणाला पाय टाकू दिला नसता, पण भाच्याचे पाहुणे म्हणून दिला. बांधावरून काढायचे ठरलेले फोटो डॉक्टरांनी गुडघाभर पाण्यात उतरून काढले, जवळ, आणखी जवळ, मादी उठून मान ताणून ओरडायला लागली तरी जवळ. सर, मागे या, असं उमेंद्र म्हणाला होता. दोनदा म्हणाला होता... पण कसल्या आवाजात? मिठाई वाढताना 'अजून एक घ्या' म्हणतात, त्या आवाजात. 'दोनच मिनिटं, उमेंद्रजी.' ती जोडी परत घरट्यावर बसली नाही. दोन दिवसांनी कावळ्यांनी अंडी फोडली. त्यानं रडत फोन करून डॉक्टरांना सांगितलं, आणि डॉक्टर म्हणाले, अरेरे.

आणि परवा त्याच माणसानं समूहावर लिहिलं, की काही स्थानिक मंडळींच्या अतिउत्साहामुळे एक घरटं उद्ध्वस्त झालं, मन विषण्ण आहे. चोराच्या उलट्या बोंबा! खाली लोक पेटले. गाववाल्यांना अक्कल नसतेच. असल्यांना काळं फासा. कोण आहे तो? आणि त्यावर डॉक्टरांचं उत्तर – नाव घेणं योग्य नाही. काय तो मोठेपणा! मेल्या, घे ना नाव. मग मलाही घेता येईल.

घेता येईल का? त्याच्याकडे फोटो होता, डॉक्टरांची पाठ, पलीकडे उठलेली मादी. टाकला की खेळ खलास. पण मागे मामाचं मोहाचं झाड, त्यावरचं मचाण, ओळखणारा ओळखेल, आणि वनविभागाची जीप नागपूरला नाही जाणार, मामाच्या अंगणात येऊन उभी राहील. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. फोटो नाही टाकायचा. नुसतं निघायचं. एक बटण दाबलं की झालं, फेसबुक कोणाला कळवतही नाही... तेच तर. कळणारच नाही कोणाला. कळलंच तर म्हणतील, बघा, तोच होता, पळाला. म्हणून सांगून जायचं.

याआधी सांगून जाणारे त्यानं पाहिले होते. जड अंतःकरणाने निरोप घेतो, लिहायचे, खाली तीसचाळीस जण 'नका जाऊ सर' म्हणायचे, आणि आठवड्यात स्वारी पुन्हा हजर. तेव्हा उमेंद्र फिदीफिदी हसला होता. आता तो मनातल्या मनात नावं काढत होता, आपल्याला नका जाऊ कोण म्हणेल. पुण्याच्या त्या बाई म्हणतील. बँकेतले ते म्हणतील, नक्की. डॉक्टर...? शी! त्यानं वाक्य पुसलं आणि पुन्हा तेच लिहिलं.

मध्ये धुरपताबाई आली, रेशनकार्डाचा फोटो काढायला. फ्लॅश उडाला की म्हातारी डोळे मिटायची, आणि दर वेळी विचारायची, मिटले का? मिटले, मिटले, मिटले. चौथ्या वेळी तो खेकसला, तशी ती न बोलता पदर सारखा करून बसली, आणि तिच्या त्या गप्प बसण्याचाही त्याला संताप आला. डॉक्टरांवर नाही खेकसता आलं. हिच्यावर बरं आलं.

दुपारी मामाचा फोन. मामाला समूह नाही की फेसबुक नाही, अंड्यांचं झालं तेव्हा त्यानं भाच्याला एका शब्दानं बोल लावला नव्हता, आणि तेच जास्त लागलं होतं. आज आवाज हळू होता, पण आतून खूश.

"बाजूच्या केवळरामच्या बांधीत घरट्यावर बसून राहिली ना जोडी," मामा म्हणाला. "तुलेच सांगतो. फोटोवाल्याइले आणू नोको बाबू."

नाही आणत, तो म्हणाला.

संध्याकाळी प्रेमिला बाजाराची पिशवी घेऊन दुकानात टेकली. पडद्यावरचं वाक्य तिनं वाचलं. आता तरी कोणीतरी विचारेल, काय झालं, कोण बोललं, म्हणून उमेंद्रनं खुर्ची वळवली. ती भेंड्या निवडत होती.

"जाचं तं जा ना," ती म्हणाली. "सांगून कायले जाता?"

तो म्हणाला, तुला नाही कळायचं. ती म्हणाली, नसंल. आणि तेवढ्यात मोबाइल थरथरला. डॉक्टर. समूहावर नाही, खासगीत.

'उमेंद्रजी, परवाचं मनावर घेऊ नका, रोख तुमच्यावर नव्हता. रविवारी दोन पाहुणे घेऊन येतोय, मोठी माणसं आहेत. तिकडे दुसरं एखादं घरटं? तुमच्याशिवाय कोण सांगणार.'

राग आला. मस्तकात गेला, कानशिलं तापली, दातांखाली एक सणसणीत हिंदी शिवी आली... पण तो नंतर आला. आधी बरं वाटलं होतं. तुमच्याशिवाय कोण – एवढ्यानं छाती भरून आली होती, आणि केवळरामच्या बांधीची वाट, बांधावर उभं राहायची जागा, सकाळचं ऊन कोणत्या अंगानं येतं, सगळं आत लख्ख मांडून तयार झालं होतं. मामाचा शब्द कानात ओला असताना! मी गाडीत पुढच्या सीटवर बसलोसुद्धा होतो, डावीकडे घ्या सर, म्हणत. त्यानं मोबाइल उपडा ठेवला. मग उचलून प्रेमिलाच्या पिशवीत, भेंड्यांखाली टाकला. पडद्यावर 'मित्रांनो' तसंच होतं, आणि ते कोणी दुसऱ्यानंच लिहिल्यासारखं दिसत होतं.

प्रेमिला उठली, स्वयंपाकाचं पाहते म्हणाली.

"बस जरा," तो म्हणाला. "दुकान बंद होतवरी जाऊ नोको."

तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा बसली. दुकान बंद करायला अजून अवकाश होता, डॉक्टरांना उत्तर कॉम्प्युटरवरूनही देता येत होतं, आणि तेवढा वेळ एकट्यानं त्या खुर्चीवर बसायची त्याला भीती वाटत होती.